अब्ला फिक्रियाची टोपली

१

नसीम हबशी वर्तमानपत्र मागच्या बाजूनं उघडत असे. पुढच्या पानावर मंत्रिमहोदय कुणाला भेटले ते छापलेलं असे, आणि ते रोज कुणाला तरी भेटतच. मागं निधनवार्तांचं पान असे. तिथं निदान रोज नवी माणसं असत.

हे वाचन नसीमच्या कामाचाच भाग होता. कैरोच्या शुब्रा भागात, सहाव्या मजल्यावरच्या आपल्या घरात बसून तो दर महिन्याला एक खून करत आला होता. खिशात मावेल एवढं पुस्तक आणि मुखपृष्ठावर किंचाळणारी बाई. बाई वर्षानुवर्षं तीच. प्रकाशक हाजी मुतवल्ली काटकसरी असल्यामुळे फक्त तिच्या झग्याचा रंग बदलत असे.

अगदी सुरुवातीला नसीमनं एका मुडद्याला मनानं नाव दिलं होतं. त्या नावाचा एक औषधवाला पलीकडच्याच रस्त्यावर निघाला. त्याची गिऱ्हाइकं आधी सांत्वनाला आली, मग यायचीच बंद झाली. मेलेल्या माणसाकडून खोकल्याचं औषध कोण घेणार? औषधवाला वकील घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून नसीमचा नेम ठरला: पुस्तकात मारायचं ते आधीच मेलेल्या माणसाला. नाव निधनवार्तेतून घ्यायचं. मेलेला माणूस वकील लावत नाही.

पण त्या पानावर मेलेल्यापेक्षा जिवंतांचीच गर्दी जास्त. मयत अमुक, ही तमुकची विधवा, अमक्या इंजिनियरची आई, बँकेतल्या साहेबांची सासू, कॅनडातल्या डॉक्टरांची आत्या, अशी सगळी गोतावळ्याची नावं एकाच टायपात, एकाखाली एक. एखादा चुलतभाऊ राहून गेला तर तो प्रार्थनेला येत नाही आणि पुढची दहा वर्षं बोलत नाही. या गर्दीतून नेमकं मेलेलं माणूस उचलायला सवय लागते. नसीमला ती होती.

त्या वर्षी मात्र त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन तो पुढं ढकलत होता आणि बायकोचा, इन्साफचा, चष्मा लावून वाचत होता. त्या चष्म्यातून एका लांबलचक निधनवार्तेत त्याला नाव दिसलं: फिक्रिया अब्दुन्नूर. नाव त्याला फार आवडलं. हे नाव मुलींच्या शाळेत हेडबाई असणार, निवृत्त, एकटी, तोंडानं फटकळ.

"मिळाली का कुणी?" चहाचा ग्लास पुढं ठेवत इन्साफनं विचारलं.

"मिळाली. सातव्या मजल्यावर ठेवतो तिला. आपल्याच डोक्यावर."

"ठेव बाबा. निदान या खेपेला माझ्या फरशीवर तरी सांडू नकोस."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नसीमला दुसऱ्या कुठल्या घराची नीट माहितीच नव्हती. त्याच्या पुस्तकांतली माणसं याच बोळकंडीत पडत, याच छोट्या खोलीत उशीखाली गुदमरत, याच मोरीत सापडत. इन्साफ तीच फरशी पुसत असे, आणि पुसून झाल्यावर त्याच्या कोंबड्याच्या पायांसारख्या अक्षराची स्वच्छ प्रत करत असे. नसीम आजारी पडला तेव्हा काही पुस्तकांचे शेवटही तिनंच लिहिले होते. वाचकांनी त्याच शेवटांचं कौतुक कळवलं होतं. त्या विषयावर घरात बोलणं होत नसे.

हे पुस्तक शेवटचं होतं. हाजीनं सांगून टाकलं होतं, "उस्ताद, लोकांना आता घरबसल्या टीव्हीवर खून दिसतात, तेही फुकट. एक छानसं लिहा आणि आपण दोघंही सन्मानानं गप्प बसू."

२

पहिली दोन प्रकरणं सुरेख झाली. शाळेतल्या बाईंना कैरोत अब्ला म्हणतात; तर अब्ला फिक्रिया सातव्या मजल्यावर राहायला येते. तिचा उजवा गुडघा धरलेला आहे, त्यामुळे ती चालली की एक पाऊल ऐकू येतं आणि दुसरं फरफटतं. सकाळी ती बाल्कनीतून दोरानं टोपली खाली सोडते, किराणावाला त्यात गरम रोट्या ठेवतो, ती टोपली वर ओढून घेते. टोपलीच्या कडीला निळ्या फ्लॅनेलची चिंधी गुंडाळलेली आहे, हाताला दोर काचू नये म्हणून.

ही टोपली नसीमनं उगाच घातली नव्हती. शेवटी याच टोपलीवरून खून उघडकीला यायचा होता. रोट्या घेतलेली टोपली सहाव्या मजल्याच्या बाल्कनीसमोर अधांतरी थांबते आणि तिथंच राहते. वर ओढणारं कुणी उरलेलं नसतं.

तिसऱ्या प्रकरणाच्या सकाळी वरून आवाज आला. एक पाऊल, मग फरफट.

"कुवेतवाल्यांचं घर उघडलं वाटतं," इन्साफ छताकडं बघत म्हणाली. वरचं घर मालक कुवेतला गेल्यापासून कुलुपात होतं.

नसीम जिन्यानं खाली गेला. लिफ्ट बंद होती. ती मधूनमधून चालू व्हायची ती लोकांनी आशा सोडू नये म्हणून. दरवान अम्म बशंदी पायरीवर बसून शेंगा सोलत होता. शुब्रातले सगळेच दरवान सगळ्यांचे अम्म, म्हणजे काका, असतात. हा काका जरा जास्तच चौकस होता.

"आल्या ना, परवाच," बशंदी म्हणाला. "एक पेटी आणि एक टोपली. म्हातारी बाई, गुडघा हा असा. मी म्हटलं, आई, तळमजल्यावर खोली आहे, तीच घ्या. म्हणाल्या, नाही, सातवाच. मी म्हटलं लिफ्ट बंद आहे. म्हणाल्या, माहीत आहे."

"माहीत कसं?"

"उस्ताद, सगळ्या शुब्राला माहीत आहे."

हे पटण्यासारखं होतं. नसीम निम्मं समाधान पावून वर आला. म्हाताऱ्या बायकांचे गुडघे धरतातच. त्यात गूढ असेल तर सगळं कैरोच गूढ म्हणावं लागेल. तो बाल्कनीत उभा राहिला. तेवढ्यात वरून दोर सरसरत आला आणि त्याच्या नाकासमोरून एक टोपली खाली गेली. कडीला निळी चिंधी होती.

३

नसीम हबशी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्याच्या पुस्तकांत भूत निघालं की शेवटी तो चादर पांघरलेला, वारसाहक्कावर डोळा असलेला पुतण्या ठरत असे. त्यामुळं त्यानं शिस्तीत विचार केला. बाई परवा आली. चिंधी आपण त्याच दिवशी लिहिली. मग टोपली आपण आधी पाहिली असणार आणि मग लिहिली असणार. डोळ्यांत मोतीबिंदू आहे; माणूस काय पाहतो आणि काय पाहिलंसं वाटतं, याचा भरवसा नाही.

तरी त्यानं परीक्षा घ्यायचं ठरवलं. दुपारी जेवणं झाली, गल्ली झोपली, खालच्या कहवाखान्यातला रेडिओसुद्धा बंद झाला. नसीम स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि त्यानं मुद्दाम असं वाक्य लिहिलं, ज्यातलं काम कुठलीही भली बाई त्या वेळी करणार नाही.

*अब्ला फिक्रियानं पेटीतून हातोडी काढली आणि बोळकंडीच्या भिंतीत एक खिळा ठोकला.*

पूर्णविराम देऊन त्यानं पेन खाली ठेवलं. वर एक पाऊल वाजलं, मग फरफट. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज. मग ठोके. शांत, अंतर ठेवून मारलेले, सुताराचे नव्हे, शाळामास्तरणीचे.

आतल्या खोलीतून इन्साफचा झोपाळू आवाज आला, "या वेळी खिळे ठोकतात? कुठल्या गावाहून आली आहे ही?"

नसीमला प्रथम चक्क आनंद झाला, हे सांगितलं पाहिजे. आयुष्यभर त्यानं लिहिलेलं कुणी इतक्या तत्परतेनं मनावर घेतलं नव्हतं. तो आनंद चहा गार होईपर्यंत टिकला. मग त्याला आपल्या पुस्तकाचा शेवट आठवला.

४

ख्रिस्ती लोकांच्या उपासाचे दिवस होते, मांस-दूध वर्ज्य. इन्साफनं द्राक्षाच्या पानांत भात आणि शेपू भरून गुंडाळ्या केल्या आणि ताटली नसीमच्या हातात दिली. "जा, नव्या शेजारणीला देऊन ये. आणि माझी निळ्या काठाची ताटली आहे ती, सेटमधली. तिला सांगू नकोस, पण लक्षात ठेव."

ताटली रिकामी परत करायची नसते, म्हणून ती लगेच परतही येत नसते. इन्साफच्या निम्म्या शेजारसंबंधांची काळजी त्या सेटभोवती फिरत असे.

दार उघडलं. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, काळ्या स्वेटरमधली बाई. डोळ्यांत हेडबाईचा तो भाव, की तुम्ही उशिरा आला आहात आणि कारण पटणारं नसणार.

"खालचा शेजारी, नसीम हबशी."

"उस्ताद, या. मी फिक्रिया अब्दुन्नूर."

नसीमच्या हातातली ताटली थोडी कलली. तिनं ती वेळेवर धरली.

"माफ करा," तो म्हणाला, "मी वर्तमानपत्रात... मला वाटलं..."

"की मी मेले?" ती खुर्चीत बसत म्हणाली. "तुम्हीच राहिला होतात. मावशी वारली माझी, अझीझामावशी. भाच्यांनी निधनवार्ता दिली, त्यात माझंही नाव घातलं, अगदी शेवटी, कॅनडावाल्यांच्या खाली. आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून आलं आणि आमच्या मन्सुरा शहरातल्या निम्म्या लोकांनी मला मारून टाकलं. एकानं तर मलाच फोन करून माझं सांत्वन केलं. चष्मा पुसून वाचायला काय होतं लोकांना?"

इन्साफचा चष्मा नसीमच्या खिशात होता.

मग त्यानं खोली पाहिली. घर खालच्यासारखंच, खोलीवर खोली. पण टेबल खिडकीशी होतं, जिथं त्यानं लिहिलं होतं. दिव्याला हिरवी टोपी होती. बोळकंडीच्या भिंतीत खिळा होता, आणि खिळ्यावर काही नव्हतं.

"इथं काय लावणार आहात?"

अब्ला फिक्रियानं खिळ्याकडं पाहिलं. तिचा फटकळपणा पहिल्यांदाच जरा मागं हटला.

"खरं सांगू? माहीत नाही. दुपारी वाटलं, की इथं खिळा पाहिजे. इथं आल्यापासून दुपारी मला असं वाटतं." तिनं गुडघ्यावर हात फिरवला. "मन्सुरात भाच्याकडं बरी होते की मी. हा गुडघा घेऊन सातवा मजला कोण घेतं, तुम्हीच सांगा. एका सकाळी उठले आणि निघाले. आता भाच्याच्या घराचा रंग आठवायला गेले तर आठवत नाही."

"परत जा," नसीम म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "म्हणजे, जिने त्रासाचे आहेत. आजच जा."

"रोज ठरवते," ती सहज म्हणाली. "दारापर्यंत जातेसुद्धा. मग चहा करावासा वाटतो."

पहिल्या प्रकरणात तिला सारखी चहाची तल्लफ येत असे. वाक्यं भरायला बरं पडतं.

५

नसीमनं लिहिणं थांबवलं. न लिहिलं तर काही होणार नाही, हा साधा हिशेब होता. त्यानं वाक्य अर्ध्यावरच सोडलं: *फिक्रिया चहाचा ग्लास घेऊन बोळकंडीत उभी राहिली आणि*

त्या दुपारी वर पाऊल वाजलं नाही. दुसऱ्या सकाळी टोपली उतरली नाही. तिसऱ्या सकाळीही नाही.

"गेली की काय गावाला?" इन्साफ म्हणाली. "माझी ताटली घेऊन?"

नसीम वर गेला. घंटा वाजवली. आत काही हललं नाही. शुब्रातल्या जुन्या इमारतींच्या दारांना असते तशी त्या दाराला दुधी काचेची पट्टी होती. नसीमनं काचेला डोळा लावला. मोतीबिंदू आणि दुधी काच मिळून दिसायचं ते काय दिसणार. पण बोळकंडीत काळा स्वेटर दिसला. उभा. छातीशी धरलेल्या हातात काहीतरी चमकत होतं. तो बराच वेळ बघत राहिला. स्वेटर वरखाली झाला नाही. श्वास घेणारं माणूस इतकं स्थिर उभं राहत नाही.

तो जिना कसा उतरला ते त्याला नंतर आठवेना. टेबलाशी बसून त्यानं वाक्य पुरं केलं: *आणि तिनं घोट घेतला. चहा गार झाला होता. तिनं तोंड वाकडं केलं आणि नवा ठेवला.*

वर एक पाऊल वाजलं, मग फरफट. नळ सुटला.

नसीमनं कपाळ पुसलं. आता त्याला कळलं, की लिहिलं तरी ती मरते आणि थांबलं तरी ती जगत नाही. एकच वाट होती. तिचा रोजचा दिवस लिहायचा, ज्यात काहीही घडत नाही.

*तिनं पेटी उचलली आणि ती मन्सुराला परत गेली,* हेही त्यानं लिहून पाहिलं. पावलं दारापर्यंत गेली, जिन्यावर आली, चौथ्या मजल्यापर्यंत उतरली, आणि मग सावकाश परत चढली. नसीमला कारण कळलं आणि शरम वाटली. मन्सुरा त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. पुढचं घर त्याला लिहिता येत नव्हतं. त्याला येत होतं ते फक्त हे घर.

६

पुढचे काही आठवडे नसीमनं आयुष्यातलं सगळ्यात कंटाळवाणं लेखन केलं, आणि इतक्या काळजीनं त्यानं कधी लिहिलं नव्हतं. अब्ला फिक्रिया उठली. तिनं टोपली सोडली. टोपली वर ओढली. तिचा गुडघा आज जरा बरा होता. गुडघ्याचं वाक्य तो रोज घालत असे. पावलाची फरफट कमी झाल्यासारखी त्याला वाटे.

हाजी मुतवल्ली कॉफी प्यायला आला आणि हस्तलिखित चाळून गेला.

"उस्ताद, साठ पानं झाली. बाई अजून चहाच करते आहे."

"वातावरण आहे ते, हाजी."

"वातावरण मला कळतं. माझ्या बायकोच्या माहेरी तेच आहे. मुडदा कुठंय?"

"या खेपेला नसला तर?"

हाजीनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि इन्साफकडं पाहिलं, जणू दुखणं किती दिवसांचं आहे हे तीच सांगेल. "तीस वर्षं लोक मुडद्यासाठी पैसे देतात. शेवटच्या पुस्तकात त्यांना चहा पाजून घरी पाठवू?"

तो गेल्यावर इन्साफनं कॉफीचे कप उचलले. मग म्हणाली, "नसीम, काय झालंय?"

तो सांगणारच होता. वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते मोठ्यानं म्हणायचं म्हणजे चादरीखाली पुतण्या नाही असं कबूल करायचं, आणि तेही अशा बाईसमोर, जी कुठल्याही पुस्तकात तिसऱ्याच पानावर खुनी ओळखते. "डोळे," तो म्हणाला. "डोळ्यांनी वैताग आणलाय."

ती त्याच्या मते पळवाट होती. इन्साफच्या मते ती ऑपरेशनला दिलेली संमती होती. तिनं आठवड्याच्या आत हॉस्पिटलची तारीख घेतली.

डोळ्यावर पट्टी असताना लिहिता येणार नव्हतं. जायच्या आदल्या दुपारी नसीमनं, गावाला जाताना पक्ष्याला दाणे घालून ठेवावेत तसं, पुढचं लिहून ठेवलं. किती दिवस लागतील हे माहीत नव्हतं, म्हणून शेवटी लिहिलं: *मग अब्ला फिक्रियाला झोप आली. गाढ, शांत, लांबलचक झोप.*

वर पलंग करकरला. नसीमनं कागद नीट रचून ठेवले. इन्साफला एवढंच म्हणाला, "हाजी आला तर सांग, थांब म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली.

७

नव्या डोळ्यांनी घर जरा अनोळखीच दिसत होतं. पडदे राखाडी नव्हते, पांढरे होते. इन्साफच्या गालावर एक तीळ होता, जो नसीम विसरून गेला होता. सकाळची वेळ होती. ती स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली, आणि तो सवयीनं बाल्कनीत गेला.

टोपली समोर होती. कठड्याच्या उंचीवर, हात लांबवला तर लागेल अशी. कडीची निळी चिंधी त्यानं पहिल्यांदाच इतकी स्पष्ट पाहिली. आत रोट्या होत्या. कडा वाळून वर वळल्या होत्या. दोर सरळ वर गेला होता. वारा नव्हता.

"इन्साफ," त्यानं हाक मारली. "पुस्तक कुठंय?"

"टेबलावर. हाजीचा माणूस दुपारी येतो न्यायला." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता आणि थोडी भीती. "रागावू नकोस. तू तिकडं पट्टी बांधून पडलेला, आणि हाजी इथं माझी कॉफी पीत रोज सांगतोय, की शेवट नाही तर पुस्तक नाही. तुझं शेवटचं पुस्तक आहे, नसीम. ते बाईला झोपवून संपवायचं?"

"काय लिहिलंस?"

"तूच पुस्तक सुरू करताना सांगितलेलं. ती उठते, टोपली सोडते. टोपली वर येत असते, तेवढ्यात दाराची घंटा वाजते. ती दोर कठड्याला बांधते आणि दार उघडायला जाते." ती शेंगा निवडतच होती. "आतलं काही लिहिलं नाही. तू लिहीत नाहीस तसंच. नुसती टोपली लोंबकळत ठेवली. मला तर बाई अंगावर काटा आला."

"कुणी मारलं तिला?"

"ते तुझ्यासाठी ठेवलंय. खुनी नेहमी तूच ठरवतोस."

नसीम टेबलाशी गेला. इन्साफच्या सुबक अक्षरातलं शेवटचं पान वर होतं. त्यानं पेन घेतलं आणि त्याखाली लिहायला लागला. अब्ला फिक्रियाचं नाव घेऊन लिहायची त्याची हिंमत झाली नाही; नाव लिहिलं आणि काही झालं नाही, तर मग काही उरणार नव्हतं. त्यानं घाईघाईत एवढंच लिहिलं: *टोपली वर गेली.*

बाल्कनीतून दोर घासल्याचा आवाज आला. नसीम धावत बाहेर गेला. टोपली वर चालली होती, एकेक हात, संथपणे. त्यानं कठड्यावरून वाकून वर पाहिलं. आता त्याचे डोळे चांगले होते. कठड्याच्या वर दोन हात दोर ओढत होते. ते हात म्हातारे नव्हते आणि तरुणही नव्हते. पुरुषाचे म्हणावेत असे नव्हते, बाईचे म्हणावेत असेही नव्हते. बोटात अंगठी नाही, मनगटावर घड्याळ नाही, कातडीला एकही रेघ नाही. ज्यांच्याविषयी अजून कुणी काहीच लिहिलेलं नाही, असे ते हात होते.

टोपली कठड्याआड गेली. मग पावलं वाजली. दोन्ही सारखी. फरफट नव्हती.

पावलं बोळकंडीतून दाराकडं गेली. वरचं दार उघडलं, लागलं. पावलं जिन्यावर आली.

नसीम टेबलाशी परतला. त्याला खुनी म्हणून कुणाचंतरी नाव लिहायला हवं होतं, आणि ते लगेच. नाव नसलेल्या माणसाला काहीही करता येतं, एवढं या धंद्यात तो शिकला होता. बशंदी? चौथ्या मजल्यापर्यंत दम लागणारा तो भला माणूस. हाजी? त्याला नातवंडं होती. वर्तमानपत्र समोरच होतं, मागचं पान वर. पण त्या पानावरचं कोण मेलेलं आणि कोण जिवंत, हे आता चांगल्या डोळ्यांनीही त्याला सांगवेना. डोक्यात येणारं प्रत्येक नाव कुठंतरी कुणाचंतरी होतं. तो माणूस आत्ता कुठंतरी चहा पीत असणार.

पावलं सहाव्या मजल्यावर थांबली. दाराची घंटा वाजली.

"ताटली आली वाटतं एकदाची," इन्साफ म्हणाली. हात पुसत ती उठली आणि बोळकंडीतून दाराकडं निघाली. तिच्या सपातांचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो त्यानं कितीतरी पुस्तकांत वापरला होता.

मग नसीमला एक नाव सुचलं आणि हायसं वाटलं. हे नाव वापरायचा हक्क त्याला नक्की होता. हा माणूस इथं, या टेबलाशी, पेन घेऊन बसलेला होता, तेव्हा तो दाराबाहेर असू शकत नव्हता. आणि या माणसानं इन्साफच्या केसालाही कधी धक्का लावला नव्हता, निदान कागदाबाहेर. त्यानं स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं आणि पूर्णविराम दिला.

दाराची कडी निघाली. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. नसीम पेन धरून बसून राहिला.

"नसीम?" बोळकंडीतून इन्साफचा आवाज आला. ती स्वयंपाकघराकडं तोंड करून बोलत नव्हती. "तू बाहेर कधी गेलास? आणि असा रिकाम्या हातानं काय आलास? ताटली कुठंय?"